उंबऱ्याशी थांबणाऱ्या टाचा

चपला बाहेर काढूनच घरात यायचं, हा नियम देवाने नाही तर आमच्या आईने केला असावा, असं मला लहानपणी वाटायचं. देव इतका कडक नसतो. सोप्याच्या पायऱ्यांखाली डाव्या हाताला, चिऱ्याच्या भिंतीलगत आमच्या चपलांची जागा. डिचोलीच्या या भागात पाऊस सोडला तर वर्षभर खनिजाची लाल धूळ. सुर्ल्याहून ट्रक खाली उतरायचे आणि आमच्या चपला, पाय, वाळत घातलेली लुगडी, सगळ्याला एकच रंग द्यायचे. बाबा तिथेच खाणीवर फोरमन होते, त्यामुळे धुळीबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. चपला मोजल्या की घरात कोण आहे ते कळायचं. आई परसातून यायची ती आधी चपलांकडे बघायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

त्या चपलांच्या ओळीत पहिल्यांदा उंच टाचेचे सँडल आले ते ताईचे. ताई माझी थोरली बहीण. अंगाने सडपातळ, बोलायला माझ्यासारखीच तिखट, आणि बुटकी. चांगलीच बुटकी. तिला मुरगावला बोटींच्या मालाचं काम बघणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात तिने म्हापशातून काळे, पेन्सिल टाचेचे सँडल आणले. आईने ते दोन बोटांत धरून उचलले नि म्हणाली, "ह्यांवर चालायचं की हे भिंतीला ठोकायचे?"

"चालून दाखवू?" ताईने तिथेच पायऱ्यांखाली सँडल घातले आणि अंगणात तुळशीभोवती फेरी मारली. टक, टक, टक. शेण सारवलेल्या अंगणात टाचांची बारीक भोकं पडली आणि आई दिवसभर त्यावरून बडबडली. पण मी बघत होते ते वेगळंच. ताईची मान सरळ झाली होती. खांदे मागे गेले होते. रोज वर बघून बोलणारी माझी बहीण आज समोर बघत होती. मला तेव्हाच कळलं की बायका एवढा त्रास का सोसतात. ज्यांना जन्मतः उंची मिळाली आहे त्यांनी यावर बोलू नये.

गंमत अशी की ती उंची उंबऱ्याच्या आत कधीच आली नाही. एका लग्नात कुणीतरी तिला पाहिलं, पसंत केलं, आणि मंडळी रीतसर आमच्याकडे बघायला आली. लग्नातली ताई सँडलवर उभी होती. पोह्यांच्या बशा घेऊन आली ती अनवाणी. मुलाच्या आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, मग परत तोंडाकडे. बाई बिचारी हिशेब लावत होती की चार बोटं गेली कुठे. नकार आला. आई देवापुढे जाऊन बसली. ताई म्हणाली, "लग्न अंगणातच करू या ना, सगळे सँडल घालून येऊ." आम्ही दोघी हसलो. संध्याकाळी ती सँडलची धूळ पुसत पायरीवर बसली होती तेव्हा मात्र तिचे डोळे लाल होते, आणि ते धुळीने नव्हते.

मी पुढे हायस्कुलात इतिहास शिकवायला लागले. मुलींना मी पुस्तकाबाहेरचं एक सांगते, की उंच टाच ही मुळात बाईची नव्हेच. इराणकडच्या घोडेस्वारांची ती. रिकिबीत पाय घट्ट अडकावा, बाण मारताना घोड्यावरून पडू नये, म्हणून टाच. ती तिकडून युरोपात गेली, राजे आणि सरदार टाचा लावून मिरवायला लागले, एका राजाने तर आपल्या दरबाऱ्यांच्या टाचा लाल रंगवल्या. आमच्याकडे सगळ्यांच्याच टाचा लाल, असं मी म्हटलं की वर्ग हसतो. पुढे पुरुषांनी टाचा सोडल्या आणि बायकांच्या पायांत राहिल्या. इथे जुन्या गोव्यातही फिरंग्यांच्या बायका बुचाच्या जाड, वीतभर उंच तळव्यांची पायताणं घालायच्या म्हणे. चालायच्या मात्र नाहीत, पालखीतून जायच्या. आमच्या पेडणे-डिचोलीकडे ते वारं फार उशिरा आलं. आमच्या बायका डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्या. माझी आई तर पेडण्यातल्या चोपड्याची, नदीच्या चिखलात पाय रोवत वाढलेली. तिच्या सात पिढ्यांत टाच म्हणजे जमिनीला टेकणारीच वस्तू. पडू नये म्हणून टाच लावतात, हे मी आईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "तरी पडायचं ते पडतंच."

ताई सँडल घरापासून घालत नसे. आमच्यापासून बसथांब्यापर्यंत कच्ची वाट होती, ट्रकांनी खणलेली. ती रबरी चपला घालून थांब्यावरच्या गाड्यापर्यंत जायची. आमच्याकडे गाडो म्हणजे चहा, भजी, विड्या मिळतात तो पत्र्याचा ठेला. तिथे सँडल घालायची, चपला गाडेवाल्याकडे ठेवायची, आणि संध्याकाळी उलट. गाडेवाला काका सँडल एका पिशवीत घालून बरण्यांच्या मागे ठेवायचा. कधी शनिवारी ती सँडल घालूनच घरी यायची, रविवारी पुसायला. तेव्हा वाटेवरून टाचांचा आवाज यायचा, आणि पायरीशी थांबायचा.

एका सोमवारी ती ताप घेऊनच बसमधून उतरली. गाड्यावर सँडल काढले, चपला घातल्या, कशीबशी घरी आली. दुसऱ्या सकाळी ती कुणाला ओळखेना. बाबांनी आणि शेजारच्यांनी तिला उचलून गाडीत घातलं. तिचे पाय शेजाऱ्यांच्या हातावरून लोंबत होते, उघडे. आई मागून चपला घेऊन धावली, पण गाडी निघून गेली होती. ताई परत आली नाही.

बाराव्या दिवशी दान दिलं. छत्री, तांब्या, आणि पायताण. गेलेल्या माणसाची वाट तापलेली असते, काट्यांची असते, म्हणून पायताण द्यायचं. बाबांनी बाजारातून आणलेल्या पुरुषी चामडी चपला पाटावर ठेवल्या होत्या, भटजींच्या मापाच्या; सगळे तसंच करतात. आईने त्या पाहिल्या आणि मोठ्याने म्हणाली, "ह्या माझ्या चेडवाच्या पायाच्या आहेत?"

भटजी भले माणूस. हलकेच म्हणाले, "वहिनी, दिलेलं पोचतं. माप बघत नाहीत."

"ती बघायची," आई म्हणाली. "अर्ध्या नंबराचा फरक तिला चालत नव्हता. माझी पोर अनवाणी चालली आहे आणि तुम्ही मला माप सांगता?"

मला तेव्हा वाटलं, आई भ्रमिष्ट झाली. आता माझं वय ताईच्या दुप्पट होऊन गेलं आहे, आणि मला वाटतं की त्या खोलीत तेवढीच एक शहाणी होती.

त्याच आठवड्यात गाडेवाला काका घरी आला. पायऱ्यांखाली चपला काढल्या, वर आलाच नाही. पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "हे राहिले होते माझ्याकडे." आईने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. टाचांना मुरगावची माती होती, करडी. आमची लाल नव्हे.

आमच्या वाड्याच्या वर, काजूची बाग संपते तिथे राखणदाराचं स्थान आहे. देऊळ नाही, एका जुन्या सातवणाखाली उभा धोंडा, एवढंच. राखणदार हातात काठी, खांद्यावर कांबळं घेऊन रात्री गावाची शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. एवढं चालतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. वर्षाने बघावं तर तळवे झिजलेले असतात. मग नव्या ठेवायच्या. कशा झिजतात, असं कुणी विचारत नाही. आमच्या वाड्यावरच्या बायका तिथे जात नाहीत. आईने सँडलची पिशवी बाबांच्या हातात दिली नि म्हणाली, "हे तिथे ठेवा. तो सगळ्या वाटा फिरतो. कुठे भेटलीच तर देईल तिला."

"अगो, लोक काय म्हणतील? त्याच्या वहाणांशेजारी हे असले?" बाबांचं देवाधर्माचं भय मोठं, लोकांचं त्याहून मोठं.

"लोकांची पोर अनवाणी नाही," आई म्हणाली.

बाबा सँडल तिथे ठेवून आले. गावात कुजबुज झालीच. एका म्हाताऱ्याने गाड्यावर सगळ्यांदेखत ऐकवलं, "पायातली वहाण पायातच बरी." कुणाला उलटून न बोलणारे माझे बाबा म्हणाले, "पायातच जावी म्हणून ठेवली आहे." त्या दिवाळीनंतर बाबा संध्याकाळचे काजूच्या बागेत जायला लागले, तेही कुणी विचारलं नाही.

मग दर वर्षी काजूच्या हंगामात, राखणदाराला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायच्या दिवशी, आमच्या घरात एकच गोष्ट घडायची. आई सकाळपासून तोंडात पाणी घ्यायची नाही. बाबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला काहीतरी पुडा आणि रोट घेऊन वर जायचे. परत आले, पाय धुतले, की आई सोप्यावरून राखणदाराची आण घालून विचारायची, "झिजले?" बाबा म्हणायचे, "झिजले." मग आई ताट ओढून जेवायची. झिजले म्हणजे ताईला पोचले, तिच्या पायांत आहेत, ती काट्यांवरून चालत नाही. वर्षातल्या त्या एका शब्दावर आई पुढचं वर्ष काढायची. साखरेचा आजार जडल्यावर डॉक्टरने उपास बंद सांगितले. एकादशी सोडली तिने. हा सोडला नाही.

आणि आवाज यायचा. खोटं का सांगू? दुपारी जेवणं झाली, वाडा निजला, की वाटेवरून टक, टक, टक. पायरीशी येऊन थांबायचा. मी शिकलेली बाई, मुलांना पुरावा मागायला शिकवते, आणि अशा वेळी माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. मी उठून बघायची. चपलांच्या जागेत आमच्याच चपला. आई मात्र निजल्या जागेवरून म्हणायची, "दार उघडंच असू दे. घरात ती अनवाणी येते, म्हणून पुढे ऐकू येत नाही." त्या घरात मी कधी टाचेचा जोड आणला नाही. हौस नव्हती असं नाही. पण वाटेवर माझ्या टाचा वाजल्या असत्या, आणि आई आनंदाने उठून दारात आली असती, आणि दारात मी असते. ते मला झेपलं नसतं. जन्मभर मी सपाट चपलांत बदकासारखी चालले.

गेल्या पावसात बाबा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या बाराव्याला आईने काही म्हटलं नाही. भटजींच्या मापाच्या चपला बाबांनाही होण्यासारख्या होत्या. काही वर्षांपूर्वी शाळेजवळ घेतलेली खोली सोडून मी आईकडे राहायला आले.

काजूची बोंडं पिकली तशी ती अस्वस्थ झाली. रोटाच्या दिवशी सकाळी नऊवारीचा पदर खोचून सोप्यावर येऊन बसली. "बाबा नाहीत. तू जा."

"बायका जात नाहीत ना तिथे?"

"मग काय मी विचारायचंच नाही?" ती म्हणाली. "झिजले की नाही, एवढं बघून ये. राखणदाराची आण आहे, खोटं सांगू नको."

राखणदाराच्या नावाने खोटं बोललेल्याला चकवा लागतो, घरची वाट सापडत नाही, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा मानतं. मी मानत नाही. पण आईच्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाही, ते चकव्यापेक्षा अवघड आहे. सकाळी टेकड्यांवर ऊन चढण्याआधी मी रोट आणि एक काठी घेऊन निघाले.

धोंड्यापुढे गावाच्या वहाणा होत्या, पाच-सहा जोड. त्यांच्यापासून जरा बाजूला, सातवणाच्या मुळांआड, कुणीतरी चिऱ्यांचं छोटं खोपटं बांधलं होतं, वर मंगळुरी कौल. फोरमनचं काम, ओळंब्यात. मी वाकून आत बघितलं आणि नीट दिसावं म्हणून खाली बसले.

आत जोडच जोड होते. मागे, कुजून चिंध्या झालेले, ते पहिले काळे पेन्सिल टाचेचे. त्यांच्यापुढे जाड चौकोनी टाचेचे. मग तळवा नि टाच सलग असलेले, वेज म्हणतात ते. मग पट्ट्यापट्ट्यांचे, मग सोनेरी मण्यांचे, मग पुढून बंद, कचेरीत घालायचे. माझ्या बाबांनी दर वर्षी म्हापशाच्या दुकानात जाऊन, त्या वर्षी पोरी काय घालतात ते विचारून, जोड आणला होता. नंबर प्रत्येकावर तोच. लग्नाच्या बाजारात जिला चार बोटांसाठी नाकारलं, तिला कुठल्याच वर्षी जुन्या फॅशनचं चालू दिलं नव्हतं या माणसाने. मुलींना मी टाचेचा इतिहास शिकवते. तो सगळा तिथे कौलाखाली ओळीने मांडून ठेवला होता.

मागच्या सगळ्या जोडांच्या टाचा झिजलेल्या होत्या. आणि डाव्या पायातल्या आतल्या बाजूने. ताईचा डावा पाय आत पडायचा, तिच्या सगळ्या चपला तशाच झिजायच्या. भर सकाळी, काजूच्या वासात, मला पळून जावंसं वाटलं.

मग मुळाशी टेकवलेला चिरा दिसला. त्याच्या मधोमध खाच पडली होती, गुळगुळीत, आणि खाचेत काळ्या रबराचा, सोनेरी रंगाचा कीस भरला होता. दिवाळीनंतर बाबा संध्याकाळचे बागेत का जायचे ते मला कळलं. राखणदाराची आण घेऊन खोटं बोलवत नव्हतं, म्हणून त्यांनी ते खरं करून ठेवलं होतं, एकेक टाच घासून. डाव्या पायाची आतून. लेकीची चाल त्यांना पाठ होती. मी तिथे बसून मोठ्याने रडले. बाबा गेले त्या दिवशी एवढी रडले नव्हते.

सगळ्यात पुढे गेल्या वर्षीचा जोड होता. मातकट रंगाचा, बारीक टाचेचा. कोरा. दिवाळीपर्यंत बाबा राहिले नव्हते.

मी जोड चिऱ्यापाशी नेला, घासायला टेकवला, आणि माझा हात पुढे जाईना. ते बाबांचं काम होतं. मग मी चपला काढल्या आणि ते सँडल पायांत घातले. एका नंबराने लहान. पाय कोंबावे लागले. उठून उभी राहिले तर काजूची झाडं एकदम ठेंगणी वाटली. माझी मान सरळ झाली, ती मी केली नव्हती. काठी टेकत मी खडपावरून चालायला लागले, धोंड्यापासून बागेच्या दगडी गडग्यापर्यंत आणि परत. टक, टक, टक. इतकी वर्षं दुपारी ऐकलेला तोच आवाज, आता माझ्या खालून येत होता. एकदा मी थांबले तरी एक पाऊल मागून वाजलं. काजू पडला असेल. मी मागे बघितलं नाही, म्हटलं, "चल गो." ऊन डोक्यावर आलं, टाचेच्या मागची कातडी सोलून निघाली, तरी चालत राहिले. शेवटी काढून बघितलं तर टाचेचं रबर गेलं होतं. दोन्ही पायांत बाहेरून. माझी चाल तशी आहे. जोड मी खोपट्यात ठेवला, रोट धोंड्यापुढे ठेवला आणि लंगडत घरी आले.

आई सोप्यावरच होती. ताट वाढून वर दुसरं ताट झाकलेलं.

"झिजले?"

"झिजले."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, पायांकडे बघितलं. मग बाजूची वाटी पुढे ओढली. खोबरेल होतं, हळद घातलेलं. वाटी सकाळपासून तिथेच असणार, कारण वर मुंग्या चढू नयेत म्हणून ती पाण्याच्या बशीत ठेवली होती.

"पाय पुढे कर," ती म्हणाली. "बाबांच्या बोटांना हेच लावायची मी दर वर्षी. त्यांना वाटायचं, मला काय कळतंय."

ती वाकली आणि माझ्या सोललेल्या टाचांना तेल लावायला लागली, हळूहळू, तान्ह्या पोराला लावावं तसं.

"तू घालून चाललीस?"

"होय."

"कुठे चावतात?"

"इथे. मागे. आणि अंगठ्यापाशी."

तिने अंगठ्यावरून बोट फिरवलं. विचार केला. "वय झालं की पाय पसरतात गो," ती म्हणाली. "तिचेही पसरले असतील. पुढच्या वर्षी एक नंबर मोठे घे."

आणि तिने ताट ओढलं.